निळं हेल्मेट आणि मी लावलेला चिखल

सध्या माझी पोस्टिंग ओमानमध्ये, सीबला, थोरल्या मुलाच्या घरी. हुद्दा आजोबा. सकाळी ६.४० ला नातीला स्कूल बसमध्ये बसवणे, ७ ला चालणे, ९ ला जुन्या सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, भाजी. रिपोर्टिंग ऑफिसर सूनबाई, मानसी. तक्रार नाही. सव्वीस वर्षं पायदळात काढली, सुभेदार होऊन उतरलो. यापेक्षा कडक ऑफिसर पाहिलेत.

इथल्या मराठी मंडळात महिन्यातून एका शुक्रवारी कुणीतरी आपल्या आवडत्या नेत्यावर बोलतं. यंदा माझा नंबर लागला. मराठा गडी, त्यात फौजी, म्हणजे विषय ठरलेलाच असं सगळ्यांनी धरलं. सेक्रेटरींचा फोन आला. "सुभेदारसाहेब, महाराजांचा कोणता फोटो टाकू?"

"महाराजांवर नाही. कॅनडाच्या एका जुन्या पंतप्रधानांवर बोलणार."

मग हळूच, "धाकट्याला तिकडे पाठवताय का?"

व्हॉट्सॅपवर पोस्टर फिरलं. त्यावर माझं नाव आणि बटालियन होती. मंगळवारी दुपारी ओमानमधल्याच इब्रीहून एका मुलीचा फोन आला. ती तिथं नर्स, नवरा एसी दुरुस्तीच्या कामाला. "काका, मी वैशाली. नाईक पांडुरंग यांची मुलगी. मी ऐकायला येणार आहे. आई नेहमी सांगते, तुम्ही एकदा बाबांना वाचवलं होतं."

मी "ये बाळा, जरूर ये" म्हणालो आणि फोन ठेवला. भाषणाच्या कागदांतलं आठवं पान काढून ठेवलं. कारण त्या दिवशी पांडुरंगनं मला वाचवलं होतं. कागदावर उलटं चढलं, आणि इतकी वर्षं मी ते तसंच राहू दिलं.

गुरुवारी संध्याकाळी भाषणाची पानं मानसीला वाचायला दिली. ती म्हणाली, "बाबा, सातनंतर एकदम नऊ. आठवं कुठंय?"

"गाळलंय. वेळ पुरणार नाही."

"वेळ? तुम्ही तर घड्याळ लावून जेवता!" तिनं पानं परत दिली.

शुक्रवारी १०.३० ला सुरू केलं. पहिल्या रांगेत वैशाली आणि तिचा नवरा. पहाटे निघून तीन तास गाडी चालवत आले होते.

मी पंतप्रधानांपासून सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात हा माणूस स्वतः फौजेत होता. पुढं परराष्ट्रमंत्री झाला. सुएझ कालव्यावरून लढाई पेटली तेव्हा त्यानं संयुक्त राष्ट्रांत सुचवलं, कुणाचीच बाजू न घेणारी एक फौज मध्ये उभी करा. लोकांनी मान डोलावली, फौज उभी राहिली. आता गंमत बघा. ह्याच्याच देशाची पलटण निघाली, तर इजिप्त म्हणालं, नको. तुमच्या झेंड्यात ब्रिटिश झेंडा, गणवेश ब्रिटिशांसारखा, पलटणीच्या नावात राणी. आमची माणसं गोळी घालतील. आपल्याकडे असं झालं असतं तर मानापमानाचे पाच अंक रंगले असते. ह्यानं राग गिळला आणि पायदळाऐवजी रसद आणि सिग्नलची माणसं पाठवली. त्या फौजेसाठी निळ्या टोप्या शिवायला वेळ नव्हता, म्हणून हेल्मेटांना निळा रंग फासला. का? तर लांबून दिसावं म्हणून.

पुढं त्याला शांततेचं नोबेल मिळालं, पुढं तो पंतप्रधान झाला. दोन्ही वेळा काठावरचं सरकार, बहुमत कधीच नाही. तरी त्यानं देशाला पेन्शन योजना दिली, सरकारी औषधोपचार दिला आणि मेपलच्या पानाचा नवा झेंडा दिला. तो झेंडा त्यानं आधी कुणासमोर मांडला? माजी सैनिकांच्या मेळाव्यात. जुन्या झेंड्याखाली लढलेली माणसं ती. त्यांनी हुर्यो उडवली. हा छातीवर आपली मेडल्स लावून उभा राहिला आणि बोलायचं ते बोलून खाली आला.

इथं माझं सातवं पान संपलं. समोर वैशाली बसली होती. म्हटलं, अरे लाज वाटते का? तो भरल्या मेळाव्यात शिव्या खात उभा राहिला आणि तुला एका पोरीसमोर बोलवत नाही? मी चष्मा काढला आणि आठवं पान तोंडी सांगितलं.

तेव्हा मी हवालदार होतो. भूमध्य समुद्राजवळची एक डोंगराळ सरहद्द, देशाचं नाव सांगत नाही, सवय नाही. निळं हेल्मेट, पांढऱ्या जीपवर काळी अक्षरं यूएन. त्याआधी तीन वर्षं मी काश्मीरच्या जंगलात काढली होती. तिथं चमकला तो गेला. त्यामुळं हे पांढरं-निळं प्रकरण बघून माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवशी सकाळी आसपास फायरिंग ऐकू येत होतं. ९.०० ला मी पेट्रोलला, म्हणजे माझ्या गस्तीच्या तुकडीला, हुकूम दिला, हेल्मेटला चिखल लावा, जीपची अक्षरं झाका. मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

पांडुरंग माझ्या हाताखालचा नाईक, देवगडचा. म्हणाला, "उस्ताद, दिसायसाठीच रंग दिलाय ना?"

"तुला विचारलं?"

११.२० ला ऑलिव्हच्या बागांमधलं एक गाव लागलं. वळणावर समोरच्या गच्चीवरून मशीनगन सुरू झाली. गावाच्या पोरांना आम्ही शत्रूची गस्त वाटलो. वाटणारच! पुढची दोन्ही टायरं गेली. आम्ही सहाजण जीपच्या मागं.

"कंट्रोल, धिस इज थ्री. अंडर फायर. ओव्हर." मी वायरलेसवर ओरडलो.

"थ्री, डोंट रिटर्न फायर. से अगेन, डोंट रिटर्न फायर. आयडेंटिफाय युअरसेल्फ."

उलट गोळी नाही, ओळख पटवा! ओळख मीच तर पुसली होती.

पांडुरंगनं पाण्याचा कॅन उचलला. पिण्याचं पाणी, दिवसभराचं. अर्धं हेल्मेटवर ओतलं, अर्धं बॉनेटवर. मग हा बाबा बॉनेटवर चढून सरळ उभा राहिला. हेल्मेट डोक्यावर हलवत ओरडायला लागला, "हिंदी! हिंदी!" अरबीत हिंदी म्हणजे भारतीय. पुढची गोळी त्याच्या बुटाजवळ लागली. हा हलला नाही. ११.२४ ला फायरिंग थांबलं. ११.४० ला त्याच गच्चीवरचा म्हातारा आम्हाला चहा पाजत होता आणि पांडुरंग त्याच्याकडे जास्तीची साखर मागत होता.

दुसऱ्या दिवशी कॅनडाचे एक मेजर चौकशीला आले. चिखलाचं एक हेल्मेट हातात घेऊन खो खो हसले आणि मला त्यांच्या पंतप्रधानांची ही सगळी गोष्ट सांगितली. माझी चूक त्यांनी हसण्यावारी नेली. रिपोर्ट मात्र आमच्या ऑफिसात बनला. त्यात लिहिलं, पेट्रोल कमांडरनं प्रसंगावधान राखून जवानांचे प्राण वाचवले. शाबासकी मला मिळाली. चिखलाचा उल्लेख नाही. मी पांडुरंगला म्हणालो, मी साहेबांना सांगतो. तो म्हणाला, "असू दे हो उस्ताद, कोंबडी खिलवा, खलास!" मी कोंबडी खिलवली. सांगितलं नाही.

एवढं सांगून पहिल्या रांगेकडे वळलो. मी म्हणालो, "वैशाली, वाचवणारा तुझा बाप होता. मारायला निघालेला मी."

ती उठून उभी राहिली. "काका, चिखल बाबांनी लावला होता?"

"लावला. तोंड वाकडं करून, पण लावला. हुकूम होता."

"आणि बॉनेटवर चढले तेव्हा?"

"तेव्हा मी चाकामागून ओरडत होतो, खाली उतर गाढवा!"

ती हसली. डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबेना. "आई मला रोज म्हणते, कुणाचं म्हणून ऐकत नाहीस. कुणावर गेलीस देव जाणे!" सगळा हॉल हसला. मीही हसलो. किती वर्षांनी छाती मोकळी झाली.

नाईक पांडुरंग त्यानंतर दोन वर्षांनी उत्तरेच्या बर्फात गेला. सकाळी ७.१० ला बर्फाचा कडा चौकीवर कोसळला. तो बाहेर होता, सुखरूप होता. आत दबलेल्या दोघांना काढायला परत शिरला. एकाला त्यानं बाहेर ढकललं, तो आज जिवंत आहे. दुसऱ्याबरोबर पांडुरंग आतच राहिला. वैशाली तेव्हा दोन वर्षांची होती.

हे मी तिला चहाच्या टेबलाशी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मोबाइल काढला आणि देवगडला फोन लावला. "आईला ते चिखलाचं तुम्हीच सांगा," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून "हॅलो" आलं. मी कप खाली ठेवला आणि सावधानमध्ये उभा राहिलो.

"वहिनी, मी त्यांचा हवालदार बोलतोय. पांडुरंगला मी नव्हतं वाचवलं. त्यानं मला वाचवलं."