खूण नसलेलं वाक्य

शेवटच्या भेटीत दत्ताने उशीखालून वही काढून माझ्या हातात दिली. ‘एक वाक्य तुझं आहे, सुऱ्या. वाचून बघ, बरोबर आहे का.’ एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. ‘नंतर बघतो रे,’ म्हणत मी वही पिशवीत टाकली आणि घाटकोपरच्या त्या खोलीतून जवळजवळ पळालोच. नवव्या दिवशी त्याच्या बायकोचा, शालिनीवहिनींचा निरोप आला… दत्ता गेला.

मुलुंडच्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं ऑपरेटर होतो. दत्ता मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेला. त्याचा सूड म्हणून की काय, तो एकेक इंग्रजी शब्द धरायचा आणि लोक तो कसकसा वापरतात ते वहीत टिपायचा. वाक्य, खाली बोलणाऱ्याचं नाव. मग त्या माणसाला ते वाचून दाखवायचं, आणि त्याने मान डोलावली तरच शेजारी बरोबरची लाल खूण. कँटीनमध्ये पोरं ओरडायची, ‘आले मास्तर! बोलू नका रे, लिहून घेतील!’ दत्ता हसायचा नि तेही लिहून घ्यायचा. ‘चार्ज’ या शब्दापाशी तो वर्षभर रेंगाळला. बॅटरीवाला, हवालदार, लॉजचा मॅनेजर, पोस्टातली बाई… प्रत्येकाचा चार्ज वेगळा. भार, आरोप, आकार, ताबा. ‘एवढासा शब्द, पण काय काय वाहतो बघ,’ म्हणायचा.

आमच्याकडे पाळी बदलताना जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून फेरी मारायची, प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावायचा, मगच रजिस्टरवर सह्या करायच्या, असा नियम होता. तो मोडला मी. सोमवारीच आठवड्याच्या सगळ्या सह्या उरकायच्या, ही युक्ती माझी. दत्ता कुरकुरला. ‘एखाद दिवस वाट लागेल हां आपली.’ ‘काय होतंय यार,’ मी म्हणालो. त्यानेही सह्या केल्या.

त्या गुरुवारी बहिणीला बघायला पाहुणे आले होते. तीनच्या पाळीला मी पोचलो तीन चाळीसला. गेटबाहेर माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती आणि हवेत क्लोरीन वायूचा तो घसा कापणारा वास… प्लांट रिकामा टाकून जायचा नाही म्हणून दत्ता माझ्यासाठी थांबला होता. व्हॉल्व्ह गळायला लागला तेव्हा तो आत शिरला आणि बंद करून आला. बाकी कुणालाही काही झालं नाही.

चौकशीच्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं. तीन वाजता दत्ता सुटला, मी आलो, असं ते सांगत होतं. साहेबांनी विचारलं. दत्ता समोर बाकावर छाती धरून बसला होता. घरी माझ्या दोन मुली होत्या, आणि नोकरी जाण्याची भीती… मी म्हणालो, ‘मी तीन वाजता चार्ज घेतला होता.’ दत्ताने माझ्याकडे पाहिलं. ड्युटी संपल्यावर विनाकारण प्लांटमध्ये शिरला, असा शेरा त्याच्या नावावर बसला. अपघात कामावरचा धरला गेला नाही आणि नोकरीही गेली. मी भेटायला जायचो. दर खेपेला जिन्यात ऐकू येणारा खोकला एकेक मजला खाली उतरत यायचा. शेवटी शेवटी तो तळमजल्यावरच गाठायचा मला.

महिन्याने धीर करून मी वही उघडली. ‘चार्ज’चं पान. हवालदाराला खूण, बॅटरीवाल्याला खूण, पोस्टातल्या बाईला खूण. सगळ्यात खाली, थरथरत्या अक्षरात: ‘मी तीन वाजता चार्ज घेतला होता. – सुरेश, मुलुंड.’ शेजारची जागा कोरी.

ते वाक्य मी खोडलेलं नाही. त्याखाली लिहिलं: ‘मी तीन चाळीसला आलो. चार्ज दत्ताकडेच होता.’ काल घाटकोपरला जाऊन वहिनींना ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, वही मिटली आणि दत्ताच्या उशीखाली ठेवून दिली. लाल पेन्सिल तिथेच होती. त्यांनी तिला हात लावला नाही.