कॅल्शियम शून्य

आक्काच्या बोअरच्या पाण्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करताना मी कॅल्शियम घालायला विसरलो.

तो रकाना शून्यच राहिला. तोही अशा पाण्यात, ज्यात साबणाला फेस येत नाही. पाण्यात युरेनियम मर्यादेपेक्षा थोडं जास्त निघालं होतं. त्या शून्याच्या जोरावर मी गारगोटीला फोन करून बहिणीला छातीठोकपणे सांगितलं, "फिल्टर पाठवतोय. सगळं युरेनियम अडकतंय त्यात. बिनधास्त पी."

युरेनियम पाण्यात एकटं फिरत नाही. कार्बोनेट त्याला चिकटतं, त्या जोडीवर ऋण भार येतो आणि फिल्टरमधले मणी ऋण भाराला धरून ठेवतात. पण कॅल्शियम भरपूर असलं की तेही त्या घोळक्यात शिरतं, ऋण फिटून भार शून्य होतो, आणि अख्खा घोळका मण्यांसमोरून निवांत निघून जाऊ शकतो. शिवाजी पेठेतल्या खोलीत मी एकटा, आणि युरेनियमचा गोतावळा एवढा.

चूक सापडल्यावर कॅल्शियम घालून पुन्हा मॉडेल चालवलं. आता कोण कोणाला किती घट्ट धरतं, याचे आकडे दोन तक्त्यांत दोन तऱ्हेचे. एक म्हणतो, बहुतेक सगळं निसटेल. दुसरा म्हणतो, निम्मं अडकेल. तेच आकडे जरा इकडेतिकडे हलवले, तर उत्तर गल्लीतल्या फुटबॉलसारखं कुठल्याही गोलात जायला लागलं.

ठरवलं, नक्की उत्तर मिळालं की आक्काला फोन करू. 'तोवर पिऊ नको' एवढं साधं वाक्य सुचायला हरकत नव्हती; पण त्यात चूक कबूल करावी लागत होती. तिचे फोन यायचे, मी वाजू द्यायचो. एरवी मला फोन कोण करतं? रिचार्ज संपला म्हणून सांगणारी बाई, तीही रेकॉर्ड केलेली. खाली कट्ट्यावर पोरं खिदळायची. वर मी आणि पंखा. उत्तर काही नक्की होईना, आणि ती तिकडं ते पाणी पितेय हे डोक्यातून जाईना.

शेवटी पाण्याचा भला मोठा जार घेऊन एसटीत बसलो.

कंडक्टर म्हणाला, "पावणं, गारगोटीत पाणी मिळतंय की."

"मिळतंय, त्याचाच तर घोळ हाय," मी म्हणालो.

आक्का दारातच भेटली. जार खाली ठेवायच्या आत मी सगळं ओकलो. शून्य, कॅल्शियम, दोन तक्ते. मग विचारलं, "फिल्टरचं पाणी पितेस?"

"कुठला फिल्टर? खोक्यात हाय अजून. कसा बसवायचा इचारायलाच तुला फोन करत हुतो. तवर प्यायला गावच्या नळाचं पाणी भरतोय, बोअरचं न्हाय."

माझ्या जिवात जीव आला. "बरं झालं की, आक्का."

तिनं जारकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं कसलं? एवढा शिकलास, पन फोन उचलाय येत न्हाय तुला. मला वाटलं, मेलास."