नऊशे एक फोटो

माझ्या थोरल्या साडूंइतका बेचैन माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर देवा, दोघांना एका खोलीत ठेवू नका! नांदुऱ्याजवळ त्यांचा भाजीचा मळा. बाजारात मेथीचे, वांग्यांचे वाटे लावून लावून हाताला अशी खोड लागलेली की कुठे मोठा ढीग दिसला, की तो फोडून सारखे वाटे केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या लग्नात पंगत बसलेली असताना त्यांनी मांडवाबाहेरच्या चपलांचे दहा-दहा जोडांचे ढीग लावले. वऱ्हाडी अर्धा तास अनवाणी हिंडत होते, आणि हे वर त्यांनाच विचारत होते, "काऊन बोंबलून राह्यले? मोजून घ्या ना!"

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले त्यांचे फोटो मी लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये जमा केले. नऊशे एक भरले. फोल्डर उघडलं की लॅपटॉप बसकणच मारायचा. मळ्यातल्या त्यांच्या घरीच बसलो होतो, आणि साडू माझ्या मागे येरझाऱ्या घालत होते. "साडभाऊ, फोडा हा ढीग. बहिणी तीन, वाटे तीन. तीनशे-तीनशे." मी म्हटलं, "अहो, ही काय मेथी आहे? कॉपी केली की तिघींना सगळेच मिळतील." झालं, भडकले! "सगळ्याले सगळंच देल्लं, तं वाटा कसला राह्यला?"

केले बुवा तीन फोल्डर. तेवढ्यात ते तीनदा उठून मळ्यातली पाण्याची मोटार बघून आले आणि आल्यावर दरवेळी मोजणी पहिल्यापासून करायला लावली. फोटो सरळ ओळीनं वाटलेले, त्यामुळे आमच्या लग्नातली हळद थोरलीकडे गेली आणि अक्षता माझ्या बायकोकडे. तिघी बहिणी भांडायला लागल्या, तेव्हा मी गुपचूप प्रत्येकीला सगळेच नऊशे फोटो भरून दिले. हे साडूंना कृपा करून सांगू नका.

पण वाटणीतून एक फोटो उरलाच. निम्म्यावर कुणाचं तरी बोट आलेलं, उरलेल्या निम्म्यात साडू ताटावर बसलेले, गाल घासानं फुगलेला. "डिलीट करू?" मी विचारलं. माणूस जागच्या जागी थांबला. "नका. ते बोट आईचं हाय. मीच शिकवलं होतं तिले फोटो काढाले."

साडूंची स्वतःची आई ते रांगत असतानाच गेली. सासूबाईंनाच ते आई म्हणायचे. पण वाटे करणाऱ्यानं स्वतः काही उचलायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. अंगणात चार चकरा मारून ते आत आले आणि तिघी बहिणींसमोर मान खाली घालून उभे राहिले.

"तुमची हरकत नसन, तं हा मले द्या."

"भाऊजी, पण ह्यात आई कुठं आहे?" माझी बायको म्हणाली.

"बाकी नऊशेत आपण तिच्याकडं पाहून राह्यलो," साडू म्हणाले, "ह्या एकात ती माह्याकडं पाहून राह्यली."

थोरलीनं नवऱ्याच्या खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला, आणि मी तो फोटो त्यात टाकून दिला.