हे कोण बोलतंय?

आवाजकाकांचा देह काडीपैलवानाचा आणि आवाज नगाऱ्याचा. लालबागमधल्या निम्म्या मंडळांच्या गणपती देखाव्यांत शंकर, रावण, कैकेयी सगळे त्यांच्याच घशातून बोलत.

संहिता हातात पडली की ते खडीसाखर तोंडात टाकत, पंखा बंद करत आणि विचारत, "हे कोण बोलतंय?" एकदा मी "रावण" म्हटलं, तर म्हणाले, "कुठला? सीतेपुढचा की मंदोदरीपुढचा? घरात माणसाचा आवाज बदलतो रे." तेव्हा हसलो होतो. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

त्या वर्षी काकांनी आधीच सांगितलं होतं, "लवकर उरका. घशाचं ऑपरेशन आहे, पुढच्या वर्षी आवाज असेल-नसेल." युद्धाचं वारं होतं. सरकारी कचेरीतून मंडळांना तयार मजकूर आला होता, तोच टीव्हीवर, तोच बसथांब्यांवर. मी आमच्या मंडळाचा चिटणीस, तो ऐटीत काकांकडे घेऊन गेलो. शहीद जवानाची आई म्हणते, 'एक मुलगा दिला, दुसराही देईन.'

काकांनी खडीसाखरेला हात लावला नाही. गादीखालून आणखी तीन मंडळांचे कागद काढले. शब्दन्‌शब्द तोच.

"हे कोण बोलतंय?"

"आई."

"सगळ्या आया एकच वाक्य बोलतात? शेजारच्या सावंतवहिनींचा पोरगा सीमेवर आहे. त्याचा फोन लागला की पहिलं विचारतात, जेवलास का. ते लिहून आण, आत्ता बोलतो."

"म्हणजे लढायचंच नाही का, काका?"

"लढायचं तर लढा की. आईच्या तोंडी कशाला घालता?"

मी चिडलो. त्यांचा शेवटचा ठरला असता, तो देखावा दुसऱ्याच्या आवाजात करून घेतला. टाळ्याही पडल्या. मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा छाती फुगली होती.

पाचव्या दिवशी सावंतवहिनी दर्शनाला आल्या. ते वाक्य होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "तिका दुसरो झील तरी आसा रे. माका एकच."

विसर्जनानंतर काकांकडे गेलो. ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. मान खाली घालून वहिनींचं ते एकुलत्या मुलाचं वाक्य सांगितलं. काकांनी उशाचा कागद ओढून लिहिलं, "ही आई."