उजवा कळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. आणि आता सांगतोय तर आधीच बजावतो — "जाऊ दे, लहान होतास" असं म्हणू नका. डोकं फिरतं माझं. चौदा वर्षांचा होतो. चौदाव्या वर्षी काय कळत नाही?

ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर, आमची चाळ. एका रविवारी दुपारी भाड्याच्या व्हिडीओवर अंतराळातला एक इंग्रजी सिनेमा पाहिला. संवाद एकालाही कळले नाहीत, पण नायकाची ती किरणांची बंदूक — ती माझ्या डोक्यातून जाईना. मी तशीच करायला घेतली. सायकलच्या पंपाची नळी, पावडरचा डबा, जुन्या टॉर्चचं तोंड. माझा हात चांगला होता, हे खोट्या विनयाशिवाय सांगतो. फक्त नळीचं टोक जमत नव्हतं. सिनेमात तिथे खाचा असलेलं चकचकीत पोलादी बोंड होतं.

तसलंच एक शेजारच्या सावंतकाकूंच्या शिलाई मशीनमध्ये होतं. खालची छोटी रीळ ज्या डबीत बसते ती — बॉबिन केस.

काकूंकडे त्यांची भाची होती, शालन. मालवणकडच्या खेड्यातून शिवण शिकायला आलेली, अठराची असेल. शिकली तर इथेच राहणार होती. नाही तर गावी एका बिजवराचं स्थळ तिची वाटच बघत होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं, माझ्या बंदुकीच्या मुठीला रेक्झिन कापून देताना. चाळीत सगळे माझी टर उडवायचे. तिने एकटीने बंदूक हातात घेऊन नीट पाहिली होती.

तरी मी ती डबी घेतली. "घेतली" कसलं — चोरली. दोघी नळावर गेल्या होत्या तेव्हा. घरी आणून कानशीने तिची पट्टी घासून टाकली आणि पक्क्या गोंदाने नळीला चिकटवली. म्हणजे परत ठेवायची वाटही मीच बंद केली.

गौरी-गणपती तोंडावर आलेले, ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि मशीन ठप्प. काकूंनी नवीन केस आणली, ती त्या जुन्या मशीनला बसेना. काम चुकवायला शालननेच लपवली, असं त्यांच्या मनाने घेतलं. शालन रडून नाही म्हणाली. मग काकूंनी देवाला कौल लावायचा ठरवला. गावच्या देवाच्या नावाने नारळ पाटावर मांडला. त्याला ओल्या पाकळ्या लावायच्या — त्या कळे म्हणतात — आणि प्रश्न विचारायचा. शालनने घेतली असेल तर उजवा कळा आधी पडेल, नसेल तर डावा. डावा पडला तर चाळीतली घरं तपासायची.

कळे लावायला तिऱ्हाईत हात हवा म्हणून मला बोलावलं. मला!

आता ऐका. डावा कळा मी पाण्यात बुडवून, अंगठ्याने दाबून बसवला. उजव्याला नुसतं ओलं बोट लावलं. किती ओलं किती वेळ टिकतं, हे मला नेमकं माहीत होतं. महिनाभर बंदुकीचे तुकडे गोंदाने चिकटवण्याशिवाय दुसरं काय करत होतो मी? काकू हात जोडून गाऱ्हाणं घालत होत्या, आणि मी देवाने काय बोलायचं ते ठरवून मोकळा झालो होतो.

उजवा पडला.

"आत्ये, मिया नाय घेतलंय," शालन म्हणाली.

"देवान सांगल्यान," काकू म्हणाल्या. "आता माका काय सांगा नको."

शालनने माझ्या ओल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला कळलं होतं, मी शपथेवर सांगतो. ती बोलली का नाही? कितीतरी वर्षं मी तिच्यावरच चिडत होतो — बोलायला काय झालं होतं हिला? बघा, किती नीच माणूस असतो! देवाच्या कौलापुढे त्या पोरीचं कुणी ऐकलं असतं? आणि तोंड तर मलाही होतं.

चार दिवसांनी तिचा बाप येऊन तिला एसटीने घेऊन गेला. दिवाळीनंतर त्या बिजवराशी तिचं लग्न लागलं. आम्हाला पत्रिका आली होती.

बंदूक झकास झाली. शाळेच्या प्रदर्शनात टाळ्या पडल्या, मी त्या घेतल्या.

सावंतकाकू त्यानंतर वीस वर्षं जगल्या. शालनचा विषय निघाला की "चोरटी मेली" म्हणायच्या. मी समोर बसलेला असायचो. त्यांनी केलेला चहा प्यायचो, आणि मान हलवायचो.