चॉपी समुद्राचे दिवस

एकोणीसशे तीसनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी अलिबागहून मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाला बातम्या पाठवत असे. कोर्टाचे निकाल, तालुक्यातल्या सभा, भाताचे पीक असे ते काम होते. पावसाळ्यात त्यात समुद्राची भर पडे. सकाळी किनाऱ्यावर जायचे, पाहायचे आणि तारेत एक विशेषण घालायचे. विशेषण एकच, कारण मुख्य उपसंपादकांना दुसरे चालत नसे.

त्यांनीच मला 'चॉपी' शिकवला होता. वाऱ्याने पाणी फाटते, लाटा आखूड, तुटक आणि जवळजवळ उठतात, नाव नुसती हिसके खाते, तो समुद्र चॉपी. लांबून येणाऱ्या मोठ्या, संथ लाटांना हा शब्द लावायचा नाही. वादळाला तर नाहीच. वादळातला समुद्र रफ. चॉपी खाडीही असते, तळेही असू शकते. चॉपी पाण्यात माणसाला मळमळते, पण माणूस बुडत नाही.

माझे लग्न वैशाखात झाले. पहिला आषाढ मुलीने सासरी काढायचा नसतो, आणि पावसाळ्यात रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचा बंद असतात, म्हणून पत्नी मृगाच्या आधीच गिरगावात माहेरी गेली. घरात दुसरे कोणी नव्हते. मी खाणावळीत जेवत असे. नारळी पौर्णिमा झाली, लाँचा सुरू झाल्या. गणपतीआधी ती येईल अशी माझी समजूत होती.

सासरे मूळचे देशावरचे. त्यांनी समुद्र चौपाटीवरूनच पाहिलेला. लेकीला पाण्यावरून पाठवायचे म्हणून ते रोज आमचे दैनिक वाचू लागले. त्यात रोज अलिबागचा समुद्र चॉपी असे, कारण तो तसाच होता. हा शब्द धोक्याचा नाही, असे मी पत्राने कळवले. जावई बायकोसाठी पत्रात काहीही लिहील, पेपरात लिहिणार नाही, असे त्यांचे मत पडले. पेपरात 'स्मूद' आला की पाठवतो, असे उत्तर आले.

खाणावळीत मासळी घालणाऱ्या कोळिणीला हे सगळे ठाऊक होते. ती मला अडवून म्हणाली, "भाऊ, दर्या निवलाय असं लिवा की. तुमची बाय येल घरी."

मी म्हटले, निवलेला नाही.

"मग बसा लिवत," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

गणपती आले आणि गेले. भाद्रपदाच्या उत्तरार्धात वारा पडला आणि एका सकाळी पाण्यावर सुरकुती नव्हती. मी 'स्मूद' पाठवला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती ओळच नव्हती. त्यात चूक कोणाची नव्हती. शांत समुद्र ही बातमी नव्हे, हे मलाही मुख्य उपसंपादकांनीच शिकवले होते. गिरगावात मात्र त्या शब्दाची वाट पाहणे चालू राहिले असते.

त्या दिवशीही पाणी तसेच होते. मी तार ऑफिसात गेलो आणि सासऱ्यांच्या पत्त्यावर तार केली: समुद्र स्मूद.

त्या काळी घरी तार येई ती कोणी गेल्याची, नाहीतर अत्यवस्थ असल्याची. सासूबाई तार न उघडताच रडू लागल्या. उघडल्यावर मजकूर सर्वांना कळला, पण एवढ्यासाठी कोणी तार करील हे कोणाला पटले नाही. जावई आजारी आहे, भीती वाटू नये म्हणून समुद्राचे निमित्त केले आहे, असे ठरले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लाँचने सासरे लेकीला घेऊन निघाले. रात्रीतून वारा पुन्हा उठला होता.

ते टांग्यातून उतरले तेव्हा मी ओट्यावर दाढी करत होतो. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि धोतरावर उलटीचे डाग होते. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ठणठणीत आहात," ते म्हणाले. ते समाधानाने म्हणाले, असे मला वाटले नाही.

मी चहा केला. त्यांनी दोन घोट घेतले आणि पितृपक्ष चालू असल्याची आठवण दिली. पितृपक्षात मुलगी नांदायला पाठवत नाहीत. ती आजाऱ्याला पाहायला आली होती, आजारी कोणी नव्हते. दुपारच्या लाँचने परतायचे. दसऱ्यानंतर आपण स्वतः आणून घालू, एवढे त्यांनी कबूल केले.

ती आत गेली, भांडी जागेवर लावली, अंथरुणाची घडी केली. मी दारात उभा होतो. तिने खालच्या आवाजात विचारले, "रोज कुठे उभे राहून पाहता?"

मी सांगितले, किल्ल्यासमोर, वाळूवर.

रेवसच्या धक्क्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. लाँच सुटल्यावर सासरे आत बाकाला घट्ट धरून बसले. ती कठड्याशी उभी होती. पदर डोक्यावरून उडत होता आणि तो सावरायला तिने हात काढला नाही. दोन्ही हातांनी तिने कठडा धरला होता. परतीचा टांगेवाला आणखी सवारी मिळेपर्यंत थांबणार होता. मी एकटाच होतो म्हणून त्याला बराच वेळ थांबावे लागले.