तात्यासाहेब हतनूरला आलेत

शफीकभाईंच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. पण त्या गुरुवारी उस्मानपुऱ्यातल्या घरात माणूस सकाळपासून गप्प, आणि पायाला नुसती भिंगरी. दारापर्यंत जायचे, परत फिरायचे, खिशातला कागद काढून वाचायचे.

तीस वर्षं त्यांनी माजी आमदार तात्यासाहेबांच्या सभांना माइक धरला होता. रविवारी तात्यासाहेब गेले. आज कन्नडला शोकसभा होती आणि निवेदन शफीकभाईंकडं.

यात घाबरण्यासारखं काय, म्हणाल. अहो, अंत्ययात्रेत या बाबानं सवयीनं ‘आगे बढो’ची घोषणा दिली होती! लोक खाऊ की गिळू असे बघायला लागले. म्हणून तालुकाध्यक्ष अप्पारावांनी कागद लिहून दिला आणि बजावलं, की पुन्हा जीभ घसरली तर माइकला हात लावायचा नाय.

“नक्को जाव जी,” सगीरा म्हणाली. नवऱ्याची तगमग तिला बघवेना.

“माझ्याबिगर त्यांची सभा झालीय का कधी?” एवढंच बोलून त्यांनी एसटी गाठली. वाटेतही चैन नाही. कन्नडच्या अलीकडचं हतनूर मागं पडलं तसे ते मान वळवून मागंच बघत राहिले.

त्याला कारण होतं. तात्यासाहेब वेळेवर आलेत असं कुणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. वाटेत ज्याच्या त्याच्या ओट्यावर टेकायचे, सुनेच्या बाळंतपणापासून म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळं विचारत बसायचे. तोवर गर्दी धरून ठेवायची शफीकभाईंनी. साहेब घरी चहा पीत असले तरी हे बिनदिक्कत ठोकून द्यायचे, की हतनूरला आलेत. लोकांना थाप कळायची, तरी बसायचे. कारण माणूस यायचाच.

सभेत शफीकभाईंनी कागदाबरहुकूम वाचलं. एक काना इकडचा तिकडं नाही. पण मुंबईचे मोठे पाहुणे काही येईनात. ऊन चढलं, मागच्या रांगा उठायला लागल्या. अप्पारावांनी हातानं खुणावलं, थोपवा. कागद तर संपला होता. शफीकभाईंनी तो उलटून पाहिला, मागं कोरा; आणि तीस वर्षांचा गळा आपसूक बोलून गेला.

“मंडळी, उठू नका. तात्यासाहेब हतनूरला आलेत. पाचच मिनिटं.”

अप्पारावांनी धावत येऊन माइक हिसकावला. शफीकभाई मेल्याहून मेल्यासारखे झाले. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

पण उठलेली माणसं खाली बसत होती. एकेक मान हतनूरच्या रस्त्याकडं वळत होती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या दगडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारणीला हाताला धरून बसवलं.

“बस गं,” ती म्हणाली. “उशिरा का व्हईना, आजवर आलेच की.”

अप्पारावांच्या हातात माइक तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी तो शफीकभाईंना परत दिला.